कुंडीतलं झाड: पिरान्हा प्लांट घेऊन स्मॅश कसं खेळायचं

पहिली गोष्ट, धावायचं नाही. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ या निन्टेन्डोच्या, एकमेकांना मारून मैदानाबाहेर उडवायच्या खेळात पिरान्हा प्लांट घेतला आणि समोरच्याच्या मागे पळत सुटलात, की डाव गेलाच म्हणून समजा. ते कुंडीतलं झाड आहे. कुंडीसकट सरकतं, सावकाश उडी मारतं, आणि त्याचे बरेचसे हल्ले सुरू व्हायला वेळ लागतो, संपायला त्याहून जास्त. आमच्या घरात जो कोणी हे झाड पहिल्यांदा घेतो तो पहिल्या मिनिटात पिकाचूच्या मागे धावतो, तीनदा हवेत चावा घेतो, आणि कंट्रोलर ठेवून म्हणतो, ‘‘हे काही कामाचं नाही.’’ ते कामाचं आहे. कसं, ते सांगते.

मी गोव्यात डिचोली तालुक्यात विज्ञान शिकवते. पावसाळ्यात मुलांना घेऊन सड्यावर जाते तेव्हा जांभ्या दगडाच्या फटींत दवबिंदूचं रोप शोधायला लावते. बोटभर उंचीचं झाड, पानांवर चिकट थेंब. ते कुणाच्या मागे जात नाही. माशीच येते, बसते, आणि मग तिला उठता येत नाही. पिरान्हा प्लांट खेळायचा तो असा. बाकी सगळं या एका गोष्टीतून निघतं.

हे झाड आलं कुठून

थोडक्यात सांगते, कारण हल्ले समजायला ते लागतं. १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये हिरव्या पाइपांतून वर येणारं, दात दाखवणारं, पुन्हा आत जाणारं झाड ते हेच. आमच्या पिढीने ते पिवळ्या कॅसेटवर पाहिलं. पहिल्या जगाच्या पहिल्या टप्प्यात ते नसतं, दुसऱ्यात भेटतं. बऱ्याचशा शत्रूंवर उडी मारली की ते चिरडतात, याच्यावर मारली तर मारिओच जातो. आणि त्याची एक खोड होती: मारिओ पाइपाला अगदी चिकटून किंवा पाइपावर उभा राहिला, तर झाड बाहेर येतच नसे. ही खोड लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

पुढे त्याचा गोतावळा वाढला. १९८८च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’मध्ये आग थुंकणारं झाड आलं. त्याच खेळात ‘टूई’ नावाचं आणखी एक आलं, काटेरी गोळा तोंडाने फुंकून हवेत तरंगत ठेवणारं. २००२च्या ‘सुपर मारिओ सनशाइन’मध्ये पीटी पिरान्हा नावाचा अगडबंब थोरला भाऊ आला.

स्मॅशमध्येही हे झाड पहिल्यापासून होतं, फक्त नेपथ्यात. १९९९च्या पहिल्या स्मॅशमध्ये मशरूम किंगडमच्या रंगमंचावरच्या पाइपांतून ते डोकं काढायचं आणि जवळ असेल त्याला चावायचं. २००८च्या ‘ब्रॉल’ या स्मॅशमध्ये पीटी पिरान्हा बॉस म्हणून आला, दोन्ही हातांत पिंजरे, एकात पीच, दुसऱ्यात झेल्डा. आणि मग १ नोव्हेंबर २०१८ला निन्टेन्डोने जाहीर केलं की अल्टिमेटचा पुढचा लढवय्या हे झाड असेल. लोक मारिओच्याच खेळांतल्या वालुइजीची वाट बघत बसले होते, आणि आली कुंडी! माझा थोरला भाचा दोन दिवस चिडलेला होता. मला मात्र खेळाचे दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांची ही निवड तेव्हाही आवडली आणि आजही आवडते. नायक आणि महानायकांच्या रांगेत एक साधा, बिनचेहऱ्याचा, पाइपातला प्यादा उभा करायला हिंमत लागते.

झाड प्रत्यक्षात २९ जानेवारी २०१९ला मिळालं. ३१ जानेवारीपर्यंत ज्यांनी खेळ घेऊन नोंदवला त्यांना फुकट, इतरांना ४.९९ डॉलरला वेगळं घ्यावं लागतं, नंतरच्या पात्रांच्या एकत्र विक्रीत, म्हणजे फायटर्स पासमध्ये, ते येत नाही. हा खेळ ज्यावर चालतो ते आमचं यंत्र, निन्टेन्डो स्विच, दुबईच्या दिराने आणलं, झाडाचे पैसेही त्यांच्याच कार्डावरून गेले. तुमच्या घरच्या यंत्रावर पात्रांच्या पाटीत झाड दिसत नसेल तर कारण हेच, शोधत बसू नका.

सरावाला बसताना

थेट माणसांशी खेळू नका. ट्रेनिंगमध्ये जा. तिथे खेळाचा वेग अर्ध्यावर, अगदी पाव भागावर आणता येतो. पाव वेगावर झाडाचा एकेक हल्ला बघा: तोंड कधी उघडतं, मार नेमका कुठे लागतो, तोंड मिटायला किती वेळ जातो. सगळ्यांत महत्त्वाचं हे शेवटचं. ज्या क्षणी झाड आपलाच हल्ला आवरत असतं त्या क्षणी ते उघडं पडतं, आणि तुम्ही हरता ते तेव्हाच.

बटणं मूळ मांडणीत अशी: ए म्हणजे साधा मार, बी म्हणजे खास हल्ला, एक्स-वाय उडी, वरची एल-आर पकड, खालची झेडएल-झेडआर शील्ड. मी यातलं काहीच बदलत नाही. मुलं बदलतात, आणि मग पाहुणा कंट्रोलर हातात घेतला की उडीच्या जागी शील्ड!

आता बी. इथेच झाडाचा सगळा संसार आहे.

नुसतं बी दाबलं की झाड काटेरी गोळा वर फुंकतं. तोच टूईचा गोळा. लगेच सोडलंत तर गोळा खाली येतो. दाबून धरलंत तर झाड फुंकत राहतं आणि गोळा डोक्यावर तरंगत राहतो. सोडताना कंट्रोलरवरची काठी डावीकडे किंवा उजवीकडे कललेली असेल तर गोळा त्या बाजूला जातो. गोळा जड आहे, नेमका लागला तर माणूस पडद्याबाहेर जातो.

नवखे हा गोळा मैदानाच्या मधोमध उभं राहून फेकतात. तिथे तो कुणालाच लागत नाही, दोन पावलं मागे सरकलं की झालं. त्याची खरी जागा कडेला आहे. मागच्या चवथीला रात्रीची आरती झाली, घुमट आणि शामेळ ही वाद्यं कोपऱ्यात ठेवली गेली, गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखालून वाकून सगळी पोरं माडीवर पळाली. सोहमने लिटल मॅक घेतला होता, जमिनीवर वाघ आणि हवेत मेंढी असा तो गडी. मी त्याला कसाबसा कडेबाहेर ढकलला. तो परत येऊन कडेला लटकला. आता कडेला लटकलेल्याला वर यायला चारच वाटा असतात: तिथूनच वर चढणं, उडी मारणं, गडगडत आत येणं, किंवा चढता-चढता मारणं. मी कडेपासून थोडं आत उभं राहून बी दाबून धरलं. गोळा डोक्यावर. सोहम लटकलेलाच. तो गोळ्याकडे बघतोय, मी त्याच्या हाताकडे. गोळा तरंगत असताना उडी मारली तर गोळ्यात शिरतो, जागेवर चढला किंवा चढता-चढता मारायला गेला तर मी गोळा कडेवर सोडते. उरलं गडगडणं. ‘‘सोड गो मावशे!’’ असं ओरडून तो गडगडत माझ्या पाठीमागे आला, आणि तोवर मी फुंकणं थांबवून वळले होते. समोरच्या दिशेचा स्मॅश म्हणजे डोक्यावर काटे फुटून झाड मारतं तो टोला, काठी बाजूला झटकून ए दाबायचं. तो बसला.

इथे गोळ्याने कुणालाच मारलेलं नाही, हे बघा. त्याने चारांतल्या तीन वाटा बंद केल्या, आणि चौथीवर मी उभी होते. गोळा याच्यासाठीच वापरायचा. लागला तर प्रसाद समजा.

काठी बाजूला आणि बी म्हणजे विषारी ढग. हा भरावा लागतो आणि भरलेला साठवून ठेवता येतो, हे पुष्कळांना माहीतच नसतं. समोरचा लांब उडून गेला की त्या वेळात भरा, तो परत येईपर्यंत भरणं थांबवा, आणि ढग पोटात ठेवून खेळत राहा. पूर्ण भरलेल्या ढगात माणूस अडकला तर टक्के (खाल्लेल्या माराचा आकडा, तो चढेल तसा माणूस लांब उडतो) भराभर चढतात. पण ढगाने माणूस उडत नाही, म्हणजे ढग एकटा कुणाला बाद करणार नाही. तो सोडायचा आणि त्याच्या मागोमाग आपण पुढे सरकायचं. समोरच्याने शील्ड घेतली तर ढग शील्ड कुरतडतो, आणि शील्डमध्ये बसलेल्याला पकडता येतं. तो मागे गेला तर कडेजवळ गेला, म्हणजे तुमच्या गोळ्याच्या जागेत. ढग हा मैदान लहान करण्याचा उपाय आहे. मोठ्या सपाट मैदानात म्हणूनच झाडाचे हाल होतात, लांबून गोळ्या झाडणारे पात्र त्याला येऊच देत नाही. मैदान निवडायची पाळी तुमची असेल तर सपाट फायनल डेस्टिनेशन टाळा, वर फळ्या असलेलं बॅटलफील्ड घ्या.

वर आणि बी म्हणजे पानांचा पंखा करून उडणं. खूप उंच नेतं, डावी-उजवीकडेही सरकता येतं. कडेबाहेर पडलात तर घाबरू नका, झाड तळातून परत येतं. फक्त वर पोहोचायची घाई करू नका, कारण पंखा संपला की कडेला हात लागेपर्यंत झाडाला काहीच करता येत नाही.

खाली आणि बी म्हणजे मान लांब करून मारलेला चावा. झाड आधी कुंडीत दडतं. दडलेलं असताना मार लागला तर टक्के वाढतात पण धक्का बसत नाही, म्हणजे हल्ला तुटत नाही. मग काठी कलवाल त्या दिशेला, समोर, तिरकं किंवा सरळ वर, मान सुटते आणि अर्ध्या मैदानापर्यंत पोहोचते. डोक्यावरच्या फळीवर कुणी निवांत उभा असेल तर त्याला वरून उतरवायला हा उत्तम. पण चुकला तर मान परत येईपर्यंत झाडाला वाली नाही. दर वेळी हाच हल्ला करणाऱ्या मुलांना मी एकदा तरी मुद्दाम हरवते.

साध्या मारांपैकी दोनच सांगते. हवेत असताना पाठीमागे आग थुंकता येते, काठी मागे आणि ए. हवेतल्या हल्ल्यांत हा माझा सगळ्यांत लाडका, म्हणून उडी मारताना मी मुद्दाम पाठ करून मारते. आणि हवेत काठी खाली व ए म्हणजे कुंडी आपटणं. कडेबाहेर बरोबर डोक्यावर बसली तर समोरचा थेट खाली जातो. जमलं तर माडीवर आरडाओरडा होतो, नाही जमलं तर आपणच खाली जातो. बाकीचे हल्ले खेळता खेळता कळतील.

खाली वाकणं विसरू नका. झाड वाकलं की कुंडीत जवळजवळ नाहीसं होतं, आणि कितीतरी गोळ्या डोक्यावरून निघून जातात. नुसतं वाकून बसलं तरी समोरचा वैतागून जवळ येतो, आणि आपल्याला तेच हवं असतं.

आणि झाडाला हरवायचं असेल तर

आता उलट बाजू, कारण घरात कुणीतरी माझ्यासमोरही बसतोच.

ती १९८५ची खोड आठवा: पाइपाला चिकटलं की झाड बाहेर येत नाही. अल्टिमेटमध्येही झाडाच्या अगदी अंगाला लागून खेळणं हेच सगळ्यांत सुरक्षित. गोळ्याला वर जायला जागा लागते, ढगाला भरायला वेळ लागतो, लांब मानेला अंतर लागतं. यातलं काहीच तुम्ही चिकटून असताना जमत नाही. नवखा खेळाडू झाडाचे दात बघून लांब राहतो आणि लांब राहूनच मरतो. फॉक्स, शीक, पिकाचू यांच्यासारखं चपळ पात्र घ्या, आत शिरा, दोन-तीन फटके मारा, आणि झाड बिचकून लांब व्हायला बघेल तेव्हा पुन्हा चिकटा. धाकटी रुई हे बरोबर करते. ती सातवीत आहे आणि तिच्याशी खेळताना मला घाम फुटतो.

पण १९८६ सालीच मारिओच्या पुढच्या खेळात लाल झाडं आली होती, ती पाइपाशेजारी उभं राहिलं तरी वर यायची. शहाणा झाडवालाही तसाच असतो. तुम्ही चिकटलात की तो कुंडीत दडून मार खात मान सोडेल. त्यावर मार उपयोगाचा नाही, पकड उपयोगाची. झाड दडताना दिसलं की एल किंवा आर. धक्का न बसणाऱ्यालाही पकडता येतं, हा या खेळाचा कायदा आहे.

दुसरा उपाय, परतवणारी पात्रं. मारिओची केप, फॉक्सची षट्कोनी ढाल, झेल्डाचा स्फटिक. काटेरी गोळा परतवला की तो झाडाच्याच अंगावर येतो. मारिओ समोर असेल तर मी गोळा जवळजवळ वापरतच नाही, ढगही जपून. गोळा तरंगत असताना तुम्ही त्याला मारून उडवूही शकता, हे पुष्कळजण विसरतात आणि त्याच्याकडे टक लावून उभे राहतात. व्हिलेजर आणि इसाबेल तर तो खिशातच घालतात आणि हवा तेव्हा काढतात, अशा वेळी झाडवाल्याने सरळ हसावं आणि पंख्याने निघून जावं. कर्बीने झाड गिळलं तर त्यालाही गोळा फुंकता येतो, आणि डोक्यावर झाडाची टोपी घातलेला कर्बी इतका गोड दिसतो की मी त्याला मारायचंच विसरते.

कडेबाहेरून पंख्याने वर येणाऱ्या झाडाला वरून अडवू नका, पंखा वरच लागतो. आमच्यात रुई खालून जाते, कुंडीच्या बाजूने, आणि तिथे झाडाकडे उत्तर नसतं. मात्र झाड जड आहे, हलक्या पात्राला जे टक्के पुरतात ते इथे पुरत नाहीत. धीर धरा.

फायनल स्मॅश, म्हणजे खेळातल्या वस्तूतून मिळणारा सगळ्यांत मोठा हल्ला, त्याबद्दल एकच. झाड चमकायला लागलं की पीटी पिरान्हा येणार, दोन्ही हातांत पिंजरे घेऊन, ‘ब्रॉल’मध्ये होता तसाच. तेव्हा लांब पळा आणि उड्या मारत राहा. आमच्याकडे रात्री नऊपर्यंत खेळातल्या वस्तू बंद असतात, नंतर सगळं चालू. त्यामुळे नऊनंतरच्या निकालांवरून कुणी भांडायचं नाही, असं ठरलेलं आहे.

घरी खेळवताना

पावसात वीज जाते, हे गृहीत धरा. आमच्याकडे इन्व्हर्टरवर टीव्ही चालत नाही. स्विच टीव्हीला जोडणाऱ्या डॉकमधून काढून टेबलावर उभा करायचा, त्याचे दोन छोटे कंट्रोलर, म्हणजे जॉयकॉन, दोघांत वाटून घ्यायचे, आणि चालू ठेवायचं. आडव्या धरलेल्या एका जॉयकॉनवर बटणं कमी पडतात, तेव्हा शील्ड धरून ए दाबलं की पकड होते, हे लहानांना आधीच शिकवून ठेवा. झाडवाल्यासमोर बसलेल्याला याची गरज पडतेच.

तीन जीव, सात मिनिटं हा आमचा नेहमीचा डाव. पण दोघांनीही झाड घेतलं तर तो मोडतो. मी आणि रुई एकदा समोरासमोर झाड घेऊन बसलो, दोघींना माहीत की जो पुढे जाईल तो मरेल. मग ती तिथे ढग भरतेय, मी इथे ढग भरतेय, मध्ये मैदान मोकळं. खोलीतले बाकीचे उठून नेवऱ्या खायला गेले. म्हणून झाड विरुद्ध झाड असेल तर वेळ तीन मिनिटांवर आणा आणि दोघांच्या कुंड्यांचे रंग वेगळे ठेवा, नाहीतर आपलं झाड कुठलं तेच कळत नाही. बरोबरी झाली की सडन डेथ लागते, दोघांचेही टक्के तीनशेवर, एक फटका आणि संपलं. तिथे ढग भरू नका, गोळा फुंकू नका. कुंडीत दडा, मान सरळ समोर सोडा. रुई हल्ली मी दडताना दिसले की उडी मारते, त्यामुळे मी काठी आता थोडी वर कलवते.